चिमूरची हकीकत आणि युद्धकाळातली वृत्तपत्रे

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मोहर्लीचे नाव आज वाघामुळे सर्वतोमुखी झाले आहे. ताडोबाच्या जंगलात शिरण्यासाठी देशोदेशीचे लोक इथल्या फाटकावर पहाटेपासून थांबतात. याच जंगलाची दुसरी कड कोलाऱ्याला संपते आणि तिथून चिमूर तालुका लागतो. मोहर्लीला येणाऱ्या पाहुण्यांपैकी चिमूरची चौकशी फारच थोडे करत असतील. परंतु युद्ध, राज्याची सुरक्षितता आणि वृत्तपत्राचे कर्तव्य यांचा झगडा आपल्या महाराष्ट्रात कुठे सर्वांत उघडपणे झाला असे कुणी विचारले, तर याच जंगलपट्टीकडे बोट दाखवावे लागेल.

१६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. 'चले जाव'चा ठराव होऊन जेमतेम आठवडा झाला होता. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी हा मुलूख आधीच पेटलेला होता. चिमुरात प्रभातफेरी निघाली, पोलिसांनी गोळीबार केला आणि बालाजी रायपूरकर हा कोवळा पोरगा ठार झाला. संतप्त जमावाने सरकारी इमारती जाळल्या. उपविभागीय अधिकारी डुंगाजी, नायब तहसीलदार सोनवणे आणि त्यांच्यासोबतची पोलिसांची माणसे मारली गेली. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीतही पोलीस आणि लोक यांच्यात रक्त सांडले. आष्टीच्या हुतात्म्यांत रशीद खान आहेत, पंचम गोंडही आहेत. चिमूरच्या लोकांनी रस्त्यावर झाडे आडवी टाकली आणि तीन दिवस तिथे इंग्रजांचा अंमल उरला नाही.

१९ ऑगस्टला फौज आली. त्यानंतर चिमुरात जे घडले ते लिहिताना लेखणी अडखळते. पुरुषांची सरसकट धरपकड झाली, घरे लुटली गेली आणि मागे राहिलेल्या बायाबापड्यांवर सैनिकांनी अत्याचार केल्याच्या तक्रारी पुढे आल्या. गावावर एक लाख रुपयांचा सामुदायिक दंड बसवण्यात आला. हा दंड, ही धरपकड आणि ही विटंबना यांची खबर बाहेरच्या जगाला कशी कळावी, हाच खरा प्रश्न होता.

कारण वृत्तपत्रांचे हात बांधलेले होते. जपान ब्रह्मदेश जिंकून हिंदुस्थानच्या दारात उभा होता. भारत संरक्षण नियमांखाली सरकारने ८ ऑगस्टलाच हुकूम काढला होता. आंदोलनाची बातमी सरकारी सूत्राकडून, मान्यताप्राप्त वृत्तसंस्थेकडून किंवा जिल्हा अधिकाऱ्याकडे नाव नोंदवलेल्या वार्ताहराकडूनच घ्यायची. चिमूरसारख्या गावात याचा अर्थ काय होतो ते पाहावे. ज्या जिल्हा प्रशासनाने फौज गावात आणली, त्याच्याच मर्जीने वार्ताहर ठरणार. आरोपीनेच साक्षीदार निवडावेत असा हा प्रकार होता. गांधीजींचे 'हरिजन' आणि लखनौचे 'नॅशनल हेरल्ड' त्या ऑगस्टमध्येच बंद पडले होते.

तेव्हा 'शोधपत्रकारिता' हा शब्द मराठीत रूढ नव्हता. पण त्या शब्दाने आपण जे काम ओळखतो, ते चिमुरात झाले आणि ते प्रथम वार्ताहरांनी केले नाही. नागपूरच्या रमाबाई तांबे आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांचे एक पथक चिमूरला गेले. त्यांनी पीडित स्त्रियांच्या जबान्या ऐकून टिपून घेतल्या. परक्या पुरुषापुढे, तेही सरकारी अधिकाऱ्यापुढे, जे ओठांवर आणणे शक्य नव्हते ते बाईने बाईला सांगितले. पाठोपाठ डॉ. बा. शि. मुंजे चिमूरला जाऊन आले आणि त्यांनीही आपला अहवाल दिला.

डॉ. मुंजे हिंदुमहासभेचे पुढारी. त्यांचे राजकारण या पानांवर लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या बहुतेकांना मान्य होणार नाही. पण साक्षीचे मोल साक्षीदाराच्या पक्षावरून ठरत नसते. हिंदुमहासभा 'चले जाव'मध्ये सामील नव्हती. मुंज्यांनी तर नाशकात लष्करी शिक्षणाची शाळा काढली होती आणि तरुणांनी सैन्यात जावे असा त्यांचा आग्रह होता. असा माणूस जेव्हा सैनिकांविरुद्ध बोलतो, तेव्हा त्याला फौजेचा द्वेष्टा म्हणून उडवून लावता येत नाही. सरकारने मात्र आरोपही नाकारले आणि चौकशीही नाकारली.

इथे सेवाग्राम आश्रमातले प्रा. जयकृष्ण भन्साळी पुढे आले. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात त्या वेळी लोकनायक बापूजी अणे होते, म्हणजे शेजारच्या यवतमाळचेच गृहस्थ. भन्साळी दिल्लीत त्यांच्या दाराशी गेले. आपण स्वतः चिमूरला चला, चौकशी करा, एवढेच मागणे. ते मान्य होईना. सरकारने त्यांना दिल्लीतून परत पाठवले. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी त्यांनी उपोषण आरंभले. चिमूरकडे पायी निघावे, पोलिसांनी पकडून परत आणावे, असेही घडत राहिले. मध्यप्रांत सरकारने मग या उपोषणाच्या बातमीवरच बंदी घातली. अत्याचार झाले की नाही हा वाद होता, पण एक माणूस उपाशी आहे हे तर निर्विवाद होते. तेही छापायचे नाही!

संपादकांनी तोवर पुष्कळ सबुरी दाखवली होती. अखिल भारतीय वृत्तपत्र संपादक परिषदेने सरकारशी समझोता करून युद्धप्रयत्नांना बाधा येईल असे काही छापायचे नाही, हे स्वतःहून पत्करले होते. परिषदेचे अध्यक्ष 'हिंदू'चे कस्तुरी श्रीनिवासन काही जहाल क्रांतिकारक नव्हते. परंतु ही बंदी समझोत्याच्या बाहेरची होती. परिषदेने ठरवले की राजभवनाची परिपत्रके आणि नववर्षाच्या किताबांची यादी छापायची नाही आणि ६ जानेवारी १९४३ रोजी अंक काढायचा नाही. त्या दिवशी देशभरातली अनेक पत्रे निघाली नाहीत. जंगलातल्या एका गावाची हकीकत छापता येत नाही, म्हणून मोठमोठ्या शहरांतल्या पत्रांनी आपला अंक बंद ठेवला. आपल्या वृत्तपत्रसृष्टीच्या इतिहासात असे प्रसंग फार नाहीत.

या पिढीत 'बॉम्बे क्रॉनिकल'चे सय्यद अब्दुल्ला बरेलवी यांचे नाव विसरता येत नाही. फिरोजशहा मेहतांनी काढलेल्या या पत्राचे पहिले संपादक हॉर्निमन यांना १९१९ साली सरकारने हद्दपार केले. पुढे कुराणाचे इंग्रजी भाषांतर करणारे मार्माड्यूक पिकथॉल संपादक झाले आणि १९२४ पासून बरेलवी. तुरुंगवास भोगलेला हा राष्ट्रवादी मुसलमान संपादक पुढे संपादक परिषदेचा अध्यक्षही झाला. वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या लढ्यात मुसलमान कुठे होते असे विचारणाऱ्यांनी हे नाव ध्यानी ठेवावे.

१२ जानेवारी १९४३ रोजी तडजोड झाली. कन्हैयालाल मुन्शी आणि डॉ. ना. भा. खरे यांनी मध्यस्थी केली. बातमीवरची बंदी उठली, त्रेसष्टाव्या दिवशी उपोषण सुटले आणि संपादकांनीही बहिष्कार मागे घेतला. अण्यांनी पुढच्याच महिन्यात, गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी, राजीनामा दिला. चिमूर-आष्टीच्या खटल्यांत फाशीच्या शिक्षा झाल्या होत्या; अनसूयाबाई काळे आणि इतरांच्या खटपटींनंतर १९४५ साली त्या रद्द होऊन कैद्यांचे प्राण वाचले. मात्र चिमूरच्या स्त्रियांना हवी होती ती निःपक्ष चौकशी शेवटपर्यंत झाली नाही. विजय वृत्तपत्रांचा झाला, इन्साफ मात्र त्या बायांच्या पदरी पडला नाही.

राज्याला गुपिते नसावीत असे कुणीही म्हणणार नाही. मोहर्ली ज्या तालुक्यात आहे, त्याच भद्रावतीला आयुध निर्माणी आहे. तिथे कोणता दारूगोळा किती तयार होतो, हे गुप्त ठेवले तर ते सर्वांना पटेल. चिमूरच्या बातमीतून जपानला काय कळले असते? फौजेची हालचाल नाही, तोफांची संख्या नाही. कळले असते ते एवढेच, की राजाच्या शिपायांनी रयतेशी कसे वर्तन केले. आणि ते इथे छापू दिले नाही म्हणून लपले थोडेच? चिमूर स्वतंत्र झाल्याची बातमी सुभाषबाबूंच्या बर्लिन रेडिओवरून ऐकल्याचे या भागात सांगितले जाते. घरचे वृत्तपत्र मुके केले की लोक परक्याच्या रेडिओला कान लावतात, हे सत्ताधाऱ्यांना उमजत नाही.

शासकीय गुपितांचा १९२३ चा कायदा स्वतंत्र भारतातही कायम राहिला आणि जंगलपट्टीतले प्रश्नही संपले नाहीत. एप्रिल २०१८ मध्ये गडचिरोलीत इंद्रावतीच्या परिसरात चाळीस माओवादी मारल्याचे पोलिसांनी जाहीर केले, तेव्हा गट्टेपल्लीची काही कुटुंबे म्हणत होती की आमची मुले लग्नाला निघाली होती. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळच्या स्फोटात पंधरा पोलीस आणि त्यांचा वाहनचालक मारले गेले. त्यांच्याही घरी आई-बाप होतेच. दोन्हीकडच्या अंगणात जाऊन विचारपूस करणारा, सरकारी पत्रकही वाचणारा आणि त्यावर थांबून न राहणारा वार्ताहर या मुलखाला आजही हवा आहे. नागपूरच्या त्या स्त्रिया चिमूरला गेल्या तेव्हा त्यांच्याजवळ ना कॅमेरा होता, ना ओळखपत्र. घराघरांत जाऊन त्यांनी ऐकून घेतले आणि जसेच्या तसे लिहून ठेवले. म्हणूनच, चौकशी झाली नसली तरी, चिमूरची हकीकत आपल्यापर्यंत पोचली.