बेरोजगार भत्ता आणि रोजगार-प्रशिक्षण (जुन्नर व आंबेगाव तालुके)

हाताला काम नसताना मिळणारी रक्कम आणि त्याच काळात नवे काम शिकण्यासाठी मिळणारे साहाय्य. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील या दोन तालुक्यांत दोन्हींची सोय आहे, पण एका खिडकीवर नाही.

महाराष्ट्रात ‘बेरोजगार भत्ता’ हा शब्द रुळला तो रोजगार हमीमुळे. वि. स. पागे यांनी मांडलेली आणि १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरलेली ही योजना १९७७ च्या कायद्याने हक्क ठरली. कायद्याचा अंमल २६ जानेवारी १९७९ पासून सुरू झाला. मागणीनंतर १५ दिवसांत काम मिळाले नाही, तर दिवसाला किमान १ रुपया भत्ता. रक्कम नाममात्रच, काम न दिल्याचा दंड सरकारने भरावा, एवढा तिचा अर्थ. केंद्राच्या २००५ च्या कायद्याने (मनरेगा) हाच दंड वाढवला: पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान एक चतुर्थांश, पुढे किमान निम्मा, आणि तो राज्याच्या तिजोरीतून.

भत्ता मागायचा तर ‘नमुना ४’ भरून काम मागितल्याची तारखेची पोच हातात हवी. गाडे अडते ते इथेच. आहुपे, भीमाशंकर, आंबे-हातवीज या पश्चिम पट्ट्यातले महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी मजूर भाताची कामे सरली की नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर येतात. द्राक्षबागांत, टोमॅटोच्या तोडणीला रोजाने जातात आणि मध्ये हिरड्याचा हंगाम साधतात. अड्ड्यावर पहाटे उभा राहून रिकाम्या हाताने परतणारा माणूस पोटापुरता बेकार असतो. कायद्याच्या लेखी मात्र नसतो, कारण त्याने काम ग्रामपंचायतीकडे मागितलेले नसते.

मनरेगाच्या मजुरांना कौशल्य देण्यासाठी केंद्राने २०१९ मध्ये ‘उन्नती’ प्रकल्प आणला. १८ ते ४५ वयाच्या व्यक्तीला प्रशिक्षण आणि कमाल १०० दिवस मजुरीच्या दराने विद्यावेतन मिळायचे. मूळ अट अशी की कुटुंबाने योजनेवर १०० दिवस भरलेले असावेत. म्हणजे ज्यांना काम मिळाले नाही, भत्त्यावर ज्यांचा खरा दावा, तेच बाहेर! एरवी शिकण्याची ठिकाणे जवळच आहेत. नारायणगावात ग्रामोन्नती मंडळाचे कृषी विज्ञान केंद्र आहे. घोडेगावला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय असून न्यूक्लियस बजेटमधून आदिवासी तरुणांना प्रशिक्षण देण्याची सोय आहे.

भत्ता आणि प्रशिक्षण एकाच योजनेत बांधलेले सापडतात ते कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे, बोलीत ईएसआयकडे. १ एप्रिल २००५ पासूनच्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत कारखाना बंद पडून किंवा कपातीत नोकरी गेलेल्या विमाधारकाला भत्ता मिळतो. त्याची मुदत पुढे २४ महिन्यांपर्यंत वाढली. त्या काळात उपचार चालू राहतात आणि त्याने एखादे कौशल्य शिकायला घेतले, तर फी व प्रवासखर्च महामंडळ सोसते. २०१८ ची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना लहान आहे. तिच्यात आयुष्यात एकदाच, कमाल ९० दिवस भत्ता मिळतो. तो आधी वेतनाच्या २५ टक्के होता, २०२० मध्ये ५० टक्के झाला. चाकणच्या कारखान्यांत जाणाऱ्या इथल्या तरुणांना यांपैकी काही लागू पडू शकते. मात्र केवळ साखर किंवा गूळ करणारे हंगामी कारखाने १९४८ च्या ईएसआय कायद्याच्या कक्षेतूनच वगळलेले होते. उसाच्या या मुलखात ही वगळणूक लहान म्हणता येणार नाही.

शिकलेल्यांसाठी राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावी झालेल्यास महिना ६,०००, आयटीआय वा पदविकाधारकास ८,०००, पदवीधरास १०,००० रुपये थेट बँक खात्यात. लोकांनी तिला ‘लाडका भाऊ’ म्हणून टाकले. नाव महास्वयम संकेतस्थळावर नोंदवायचे आणि सरकारी कार्यालयात किंवा खासगी आस्थापनेत काम करत शिकायचे. सहा महिन्यांची मुदत २०२५ मध्ये अकरावर नेली गेली. या पैशाला शासन विद्यावेतन म्हणते, भत्ता नव्हे. त्यामुळे मुदत संपल्यावर नोकरी किंवा भत्ता देण्याचे कोणतेही बंधन शासनावर येत नाही.