बहिणाबाईंचें स्वप्न व फ्रॉइडची मीमांसा

पोथ्यांतील स्वप्नवृत्तें चमत्कार म्हणून बाजूस सारण्याची चाल आम्हांस मान्य नाहीं. संत बहिणाबाईंचे (१६२८–१७००) आत्मचरित्रपर अभंग पाहावे. कोल्हापुरास जयरामस्वामींच्या कीर्तनांत तुकोबांचे अभंग त्यांच्या कानीं पडले. लाडकें वासरूं मेलें. तुकोबांचा ध्यास लागला आणि त्यांनीं स्वप्नांत येऊन मंत्रोपदेश केला. प्रत्यक्ष भेट तोंवर झालेलीच नव्हती! स्वप्न ही दडपलेल्या इच्छेची पूर्ति असून तिची सामग्री जागेपणींच्या ताज्या स्मृतींतून येते, असें फ्रॉइडनें १९०० सालच्या आपल्या ग्रंथांत प्रतिपादिलें. सामग्रीपुरतें तें येथें तंतोतंत जुळतें. ब्राह्मण स्त्रीनें शूद्र गुरु करणें जागेपणीं दुर्घट होतें. पति पुढें क्रुद्धच झाला. परंतु बाईंची इच्छा दडपलेली कोठें होती? अभंगांत ती उघड बोलली आहे. दडपण होतें तें बाहेरचें, आणि त्याचा हिशेब फ्रॉइडपेक्षां ही पोथीच अधिक नीट देते.