तीस दिरहमचं कार्ड आणि पीपी नंबर



अल नहदा दोन आहेत हे इथल्यांना ठाऊकच आहे. एक दुबईत, दुसरं लागूनच शारजात. लँडलाइनचा कोड इकडे ०४, तिकडे ०६. पण आपल्या मुलांना कोड म्हणजे काय इथपासून सांगावं लागतं. त्यांच्यासाठी आजी म्हणजे मोबाइलवरचा एक गोल फोटो. म्हणून हे थोडं लिहून ठेवतेय.

अमिरातीत एतिसालात सुरू झाली १९७६ साली आणि जीएसएम मोबाइल आला १९९४ मध्ये. तोवर, आणि कॅम्पात राहणाऱ्या कामगारांसाठी त्यानंतरही बरीच वर्षं, घरी बोलायचं म्हणजे रस्त्यावरचा बूथ. ग्रोसरीतून तीस दिरहमचं कार्ड घ्यायचं, फोनच्या फटीत सरकवायचं, ००९१ लावायचं आणि उतरत जाणाऱ्या आकड्याकडे बघत बोलायचं. रात्री नऊनंतर आणि शुक्रवारी दर कमी. पण इथे नऊ वाजले की आपल्याकडे साडेदहा! कोकणातलं गाव तेव्हा झोपलेलं. त्यामुळे सगळी भिस्त शुक्रवारवर, सुट्टीही तेव्हा त्याच दिवशी.

खरी अडचण मात्र पलीकडच्या टोकाला होती. गावात घरी फोन कुठला? नंबर असायचा दुकानदाराचा, डॉक्टरांचा नाहीतर वाडीतल्या एखाद्या बऱ्या घरचा. लग्नपत्रिकेवर, व्हिजिटिंग कार्डावर अशा नंबरापुढे ‘पीपी’ लिहीत. हा शब्द ट्रंक कॉलच्या काळातला, पर्टिक्युलर पर्सन. म्हणजे फोन एकाचा, बोलायचं दुसऱ्याशी. त्यामुळे दुबईहून दोन फोन करावे लागत. पहिला, “आईला जरा बोलवता का, दहा मिनिटांनी करतो.” दुसरा खरा. पहिल्यातही युनिटं जायचीच. मग आई धापा टाकत येणार आणि पहिलं मिनिट “ऐकू येतंय का रे?” यात संपणार.

आणि दुकानात चार माणसं कान देऊन उभी. अशा ठिकाणी काय बोलणार? पैसे पोचले का, पाऊस झाला का, बाबांचं दुखणं कसं आहे. मालकाने पगार थकवलाय, एजंटाचं कर्ज फिटलेलं नाही, इथे करमत नाही, हे त्या फोनवर कोणी सांगत नसे. “तेव्हा नात्यात ओलावा होता” असं आपले लोक हमखास म्हणतात. मला ते फारसं पटत नाही. ओलावा असेलही, पण बोलणं अर्धंच व्हायचं. उरलेलं पत्रात जाई, नाहीतर कुठेच नाही. अवेळी फोन आला तर मात्र न उचलताच घरात रडारड व्हायची.

तिकडची बाजू हळूहळू सुधारली. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावजवळ आर्वीचं उपग्रह केंद्र १९७१ मध्येच सुरू झालं होतं. पण आकाशातून आलेला आवाज गावात पोचवणार कोण? १९८४ मध्ये सी-डॉट स्थापन झाली, तिची एक्स्चेंजेस खेड्यांत गेली, आणि पिवळ्या पाटीचे एसटीडी-आयएसडी-पीसीओ नाक्यानाक्यावर आले. आता वेळ ठरवून आईला बूथवर बसवता येऊ लागलं. परदेशी फोनवरची विदेश संचार निगमची मक्तेदारी २००२ मध्ये संपली, दर उतरले, मग मोबाइल आले.

गंमत म्हणजे आपल्या इथे मीटर पुरता गेलाच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातो, कॉल लागत नाही. २०१८ मध्ये बोटिम आलं तेव्हा त्याच्या मोबाइल प्लॅनला महिना ५० दिरहम लागत. पुण्याहून आलेल्या आजीला वाटतं नातू फोन उचलत नाही, आणि नातवाला कळत नाही आजी का रुसली!

तुमच्यापैकी कोणाचे वडील, काका, मामा ऐंशी-नव्वदच्या दशकात आखातात असतील, तर पुढच्या कॉलवर मुलांसमोर त्यांना एवढंच विचारा: तेव्हा बूथवरून काय सांगितलं नव्हतं? आणि कोणाकडे जुनं कार्ड पडलं असेल तर फोटो टाका.