सेवाग्रामच्या प्रार्थनेतला जपानी ढोल

आज आम्ही तुमच्याशी गाण्याबद्दल बोलणार आहोत, आणि तेही जपानी गाण्याबद्दल. हसू नका, आधी ऐका.

आमच्या गटातल्या एका बाईची मुलगी बारावीला आहे. दोन वर्षांपूर्वी तिचे वडील गेले. त्या वर्षी सोयाबीन पिवळं पडून हातचं गेलं होतं, सोसायटीचं कर्ज होतं, बाहेरचंही होतं. पुढचं सांगत नाही, आपल्या जिल्ह्यात ते सांगावं लागत नाही. पोरगी तेव्हापासून कोणाशी बोलेना. कानात मोबाइलची वायर घालून बसायची. एकदा गटाची बैठक त्यांच्याच छपरीत होती. आम्ही म्हटलं, काय ऐकतेस गं एवढं, आम्हालाही ऐकव. तिनं मोठ्यानं लावलं. गिटार, ड्रम, आणि वरून एका बाईचा स्वच्छ आवाज. शब्द मात्र एक कळेना.

"जपानी आहे मावशी," ती म्हणाली. "गाण्याचं नाव 'माकेनाइदे'. म्हणजे हरू नकोस."

मग ती आपणहून बोलायला लागली. हे रॉक गाणं १९९३ सालचं, झार्ड नावाच्या गटाचं. साकाई इझुमी या बाईनं ते लिहिलं आणि तिनंच गायलं. त्या सुमारास जपानात जमिनीचे नि शेअरचे फुगलेले भाव कोसळले होते, शिकलेल्या पोरांना नोकऱ्या मिळेनाशा झाल्या होत्या. अशा दिवसांत हे गाणं घरोघरी पोचलं. साकाईबाईंना पुढे कर्करोग झाला आणि २००७ साली, चाळिसाव्या वर्षी, त्या गेल्या. गाणं लोक अजून ऐकतात.

आमच्यातली एक जण म्हणाली, "भाषाच कळत नाही तर धीर कसा येणार?" त्यावर आमच्या गटातल्या सगळ्यात मोठ्या आजी, ज्यांचं माहेर सेवाग्रामजवळ आहे, त्या म्हणाल्या, "अवं, आपल्या सेवाग्रामात त रोज सांजच्याले जपानी म्हणतेत. तुमी कदी गेल्याच नाई काय?"

खरंच आहे ते. सेवाग्राम आश्रमातल्या सर्वधर्म प्रार्थनेची सुरुवात एका जपानी मंत्रानं होते. जपानी लिपीत तो सात अक्षरांचा आहे. सद्धर्माचं कमळ ज्यात सांगितलं त्या सूत्राला नमस्कार, एवढाच त्याचा अर्थ. आम्ही लहानपणापासून वर्धेचं पाणी पितो, पण हा मंत्र आपल्याकडे आला कसा, हे कधी विचारलं नव्हतं. ते शोधलं, तेच आज सांगतो.

फुजी निचिदात्सु नावाचे एक जपानी भिक्षू होते. जन्म १८८५ चा, शेतकऱ्याच्या घरातला. १९३१ साली ते भारतात आले आणि ऑक्टोबर १९३३ मध्ये वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले. दिवस बरे नव्हते. सत्याग्रहाची चळवळ थकली होती, साबरमतीचा आश्रम गांधीजींनी नुकताच मोडला होता, आणि पुढच्याच महिन्यात ते वर्ध्याहून अस्पृश्यतेविरुद्धच्या दौऱ्यावर निघणार होते. फुजींना सगळे पुढे 'गुरुजी' म्हणू लागले. त्यांच्यासोबत त्यांचा ढोल असायचा. हातपंख्यासारखा चपटा, खाली धरायला दांडी, एका बाजूला ताणलेलं कातडं, आणि काठीनं ठोका. मंत्र म्हणायचा, ठोका द्यायचा, चालत राहायचं. त्यांच्या पंथाची साधना म्हणजे मुख्यतः हीच.

त्या पंथाचा एक भिक्षू गांधीजींजवळ राहायला आला. सगळे त्याला केशव म्हणत. तो सकाळ-संध्याकाळ ढोल वाजवत मंत्र म्हणायचा, आणि आश्रमातलं काम नेमून दिल्यासारखं करायचा. आता सेवाग्रामची त्या वेळची बाया-माणसं डोळ्यांसमोर आणा. वावरातून निंदण करून, डोक्यावर भारा घेऊन येताना ती हा ठोका ऐकत असतील. अर्थ कोणाला कळत असेल? पण सांज झाली हे तर कळत असेल.

डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला. इंग्रज सरकारच्या लेखी जपानी माणूस शत्रू ठरला, आणि पोलिसांनी त्या भिक्षूला आश्रमातून उचलून नेलं. ढोल थांबला. मंत्र मात्र गांधीजींनी थांबू दिला नाही. गेलेल्याची आठवण म्हणून तो रोजच्या प्रार्थनेत ठेवला, आणि अगदी सुरुवातीला ठेवला.

आम्हाला ही गोष्ट साधी वाटत नाही. तेव्हा जपानी फौजा ब्रह्मदेशात घुसत होत्या, पेपरात रोज त्यांच्या नावानं बातम्या होत्या, आणि त्या फौजांनी केलेले अत्याचार खोटे नव्हते. अशा वेळी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात माणसं जमिनीवर बसून जपानी बोलीतला मंत्र म्हणत होती. कोणी टोकलं नसेल का? आमच्या गटात कोणी वेगळं भजन म्हटलं तरी आठ दिवस कुजबुज चालते! त्याच प्रार्थनेत पुढे रेहाना तय्यबजींमुळे कुराणातल्या आयती आल्या, आगाखान पॅलेसच्या तुरुंगात डॉ. गिल्डर यांच्यामुळे पारशी गाथा आली. म्हणजे त्या प्रार्थनेतला एकेक तुकडा कुठल्या ना कुठल्या माणसानं आणून दिलेला आहे. जपानी तुकडा पकडून नेलेल्या माणसाचा.

आता आपल्या खंजिरीकडे येऊ. कारण ढोल जपानचा, पण विदर्भाच्या हातात तेव्हा खंजिरी होती. तुकडोजी महाराज १९३६ साली महिनाभर गांधीजींच्या सोबत सेवाग्रामला राहून गेले. त्यांची भजनं गावोगाव पोचली होती, आणि ती ऐकून माणूस नुसता डोळे मिटून बसत नसे, उठून उभा राहत असे. १६ ऑगस्ट १९४२ ला आपल्या जिल्ह्यातलं आष्टी आणि शेजारच्या चांदा जिल्ह्यातलं चिमूर पेटलं. गोळीबार झाला, माणसं मेली, पुढे कित्येकांना फाशीच्या शिक्षा झाल्या. त्या वाचाव्यात म्हणून अनसूयाबाई काळे यांनी जिवाचं रान केलं, हे तर आपण बायांनी कधी विसरू नये. त्याच ऑगस्टमध्ये सरकारनं महाराजांना पकडलं आणि नागपूर, रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. म्हणजे बघा, वर्षभराच्या आत सरकारनं एक ढोलवाला नेला आणि एक खंजिरीवाला.

१९५५ साली हेच तुकडोजी महाराज विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले. हिरोशिमा आणि नागासाकीवर बॉम्ब पडून तेव्हा दहा वर्षं झाली होती. तिथं त्यांनी खंजिरीवर भजन म्हटलं. ऐकणाऱ्यांना आपली भाषा कुठे कळत होती? जे सेवाग्रामात आपल्या माणसांनी केलं, तेच तिकडच्या माणसांनी केलं. कळलं तेवढं कळलं, बाकी ठोक्यावर सोडलं.

फुजी गुरुजींनी युद्धानंतर जगभर शांतिस्तूप उभारायचं काम घेतलं. भारतातला राजगीरचा स्तूप १९६९ सालचा. गुरुजी १९८५ मध्ये वारले, आणि आपल्या वर्ध्याचा विश्वशांती स्तूप त्यांच्या मागे, १९९३ साली पुरा झाला. गोपुरीत, गीताई मंदिराजवळ. आमच्यातल्या निम्म्या जणी पोरांना घेऊन तिथं गेल्या आहेत. पांढऱ्या पायऱ्यांवर फोटो काढले, डबे खाल्ले आणि परतलो. जपानी स्तूप वर्ध्यात कशाला, हा प्रश्न कोणाला पडला नाही. पोरीनं मात्र लगेच हिशेब केला, "मावशी, ते गाणं पण १९९३ चंच आहे."

दिवाळीनंतर एका शुक्रवारी आम्ही अकरा जणी तिला घेऊन सेवाग्रामला गेलो. संध्याकाळची प्रार्थना उघड्यावरच होते, जवळच गांधीजींनी १९३६ साली लावलेला पिंपळ आहे. मंत्र सुरू झाला तशी पोरगी ताठ बसली. घरी येताना गाडीत आईला सांगत होती, 'रेंगे' म्हणजे कमळ. आई नुसती हूं हूं करत होती, पण ऐकत होती.

पुढच्या बैठकीत नेहमीप्रमाणे खंजिरीवर भजन झालं. वही उघडायची वेळ झाली तर आजी म्हणाल्या, "थांबा वो. आता थे पोरीचं जपानी लाव." सचिव वहिनी घड्याळाकडे पाहत राहिल्या, कारण बँकेत चारच्या आत जायचं होतं. पोरीनं लावलं. आजींनी खंजिरी उचलली, दोन-तीनदा ठोका चुकला, मग जमला. त्या दिवशी हप्ते गोळा व्हायला अर्धा तास उशीर झाला आणि बँक बंद झाली. भरणा दुसऱ्या दिवशी केला.