नांवांचीं दोन दप्तरें

व्यापाऱ्याचें नांव ही त्याची मिळकत होय, ही गोष्ट आपल्या पेठांना कायद्याच्या पुष्कळ आधीं ठाऊक होती. खोटा छाप मारणारास शिक्षा सांगणारा कायदा १८८९ सालीं झाला. पण छापाची मालकी नोंदण्याचें स्वतंत्र दप्तर मात्र नव्हतें. ज्याला आपला छाप जपावयाचा असे, तो दस्तऐवजांच्या कचेरींत मालकीचें निवेदन नोंदवी, आणि तंटा झाला म्हणजे न्यायालयाच्या पायऱ्या चढे. पुढें १९४० सालीं व्यापारचिन्हांचा कायदा झाला व दप्तर निघालें. त्याचें मुख्य ठाणें मुंबईंत. हल्लीं तें अँटॉप हिलला आहे. मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँचनें भाऊच्या धक्क्यास उतरणाऱ्या आम्हां उरणकरांना तें कांहीं परदेश नव्हे.

इंटरनेटवरील नांवांचें दप्तर ही अगदीं अलीकडची गोष्ट. भारताची 'डॉट इन' ही शाखा १९८९ च्या मे महिन्यांत नोंदली गेली, आणि तिचा कारभार पुष्कळ वर्षें जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे होता. म्हणजे दोन्ही दप्तरें मुंबईचींच! मात्र 'डॉट इन'चे नियम इतके करडे होते कीं, १९९२ ते २००४ या काळांत तेथें जेमतेम ७ हजार नांवें नोंदलीं गेलीं. गर्दी सारी 'डॉट कॉम'कडे लोटली, आणि तंटेही तेथेंच माजले.

या तंट्यांचें मूळ दोन दप्तरांच्या भिन्न रीतींत आहे. व्यापारचिन्हाचें दप्तर मालाचे वर्ग पाहतें. एकच 'सूर्य छाप' साबणावर एकाचा आणि कुलपावर दुसऱ्याचा असूं शकतो. शिवाय त्या हक्काची हद्द देशाच्या सीमेपाशीं संपते. इंटरनेटवर मात्र एक नांव साऱ्या जगांत एकालाच, आणि जो आधीं मागेल त्याला. नांव कोणाचें, ही पृच्छाच नाहीं. या फटींतून सायबरस्क्वॅटर आंत शिरला. दुसऱ्याचें नांव अडवून बसावें, आणि धनी आला कीं किंमत सांगावी, हा त्याचा धंदा.

मुंबई उच्च न्यायालयापुढें १९९९ सालीं 'रेडिफ' कंपनीचा दावा आला. प्रतिवादीनें 'रॅडिफ' असें नांव घेतलें होतें. फरक एका स्वराचा. त्याचें म्हणणें असें कीं, 'रॅडिकल'चीं पहिलीं तीन अक्षरें आणि 'इन्फर्मेशन', 'फ्यूचर' व 'फ्री' यांचीं आद्याक्षरें जुळवून आपण हा शब्द घडविला. न्यायालयाला हें व्युत्पत्तिशास्त्र पटलें नाहीं. इंटरनेटवरील नांव हा नुसता पत्ता नसून मोलाची मालमत्ता आहे, आणि त्यास व्यापारचिन्हाइतकेंच रक्षण मिळालें पाहिजे, असा निर्णय झाला. पांच वर्षांनीं 'सिफी' विरुद्ध 'सिफ्फी' या वादांत सर्वोच्च न्यायालयानेंही दुसऱ्याच्या नांवावर आपला माल खपविण्यास बंदी करणारें जुनें तत्त्व येथें लागू केलें. तेथेंही बचाव आद्याक्षरांचाच होता. या वेळीं पांच भागीदारांच्या नांवांचा!

पण प्रतिवादी परदेशीं असला तर? त्यासाठीं जिनीव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या शिफारशींवरून 'आयकॅन' या संस्थेनें १९९९ सालींच लवादाची पद्धत घालून दिली. तिच्या आधारें २००० सालीं बेनेट कोलमन कंपनीनें 'टाइम्स ऑफ इंडिया' आणि 'इकॉनॉमिक टाइम्स' हीं नांवें परदेशांतील धारकांकडून सोडवून घेतलीं.

दोन दप्तरांची खरी गांठ आपल्याकडे २००५ सालीं पडली. 'डॉट इन'चीं दारें सर्वांना खुलीं करण्यापूर्वीं, जानेवारींत, निक्सी या नव्या संस्थेनें भारतांत नोंदलेल्या व्यापारचिन्हांच्या धन्यांना आधीं बोलाविलें. मग फेब्रुवारींत इतरांना. जूनमध्यें लवादाचे नियमही आले. त्यांत एका उभयान्वयी अव्ययाचा भेद आहे, तो माझ्यासारख्या व्याकरण शिकविणाऱ्यास फार भावतो. 'आयकॅन'च्या नियमांत नांव दुष्ट हेतूनें नोंदलें 'आणि' वापरलें, असें दोन्ही सिद्ध करावें लागतें. आपल्या नियमांत 'किंवा' आहे. नुसतें नांव अडवून गप्प बसणाराही त्यांत सांपडतो.

मात्र ज्याचें नांव पहिल्या दप्तरांत नव्हतें, त्याला जानेवारींतलें तें बोलावणें नव्हतें. आमच्या बाजारपेठेंत तीन पिढ्या चाललेल्या पापड-मसाल्याच्या दुकानदारास अँटॉप हिलचें दप्तर ठाऊक नसतें. २०१७ च्या नियमांप्रमाणें लहान व्यावसायिकास एका वर्गासाठीं संगणकावरून अर्ज करण्यास ४,५०० रुपये लागतात, आणि नोंद दहा वर्षें टिकते. उलट जिनीव्हाच्या लवादापुढें एकपंची निवाड्यास १,५०० डॉलर मोजावे लागतात. 'डॉट भारत' ही शाखा २०१४ सालीं देवनागरींत सुरू झाली, तेव्हांपासून मराठी नांव मराठी लिपींतच घेतां येतें. तेथें पहिल्या वेलांटीच्या जागीं दुसरी पडली, तरी यंत्राच्या हिशेबीं तें निराळेंच नांव होय.