ठासणीच्या बंदुकीची पारख

इ. स. १८६१ मध्ये नागपूरचा मुलूख आणि सागर-नर्मदेकडील जिल्हे एकत्र करून इंग्रज सरकारने मध्य प्रांत हा नवा सुभा उभा केला. पुढच्याच वर्षी त्याचा कारभार रिचर्ड टेंपल याच्या हाती आला, आणि सातपुड्यातील अरण्यांच्या पाहणीसाठी त्याने ज्यांना धाडले त्यांत बंगाल स्टाफ कोअरमधील जेम्स फोर्साइथ नावाचा एक तरुण अधिकारी होता. पचमढीच्या पठारावर त्याने बांधलेले ‘बायसन लॉज’ प्रसिद्धच आहे, आणि निमाड जिल्ह्याच्या जमाबंदीचा त्याचा अहवालही महसुली दप्तरात जमा आहे. परंतु ज्या प्रश्नाचा त्याने खऱ्या जिव्हाळ्याने विचार केला तो निराळाच होता. वाघ, गवा, अस्वल आणि सांबर यांच्या मुलखात प्रथमच पाऊल टाकणाऱ्या शिकाऱ्याने रायफल घ्यावी तर कोणती? या विषयावर १८६३ मध्ये त्याने एक ग्रंथच प्रसिद्ध केला.

त्या काळी शिकारी बंदूक म्हणजे सामान्यतः ठासणीचीच. नळीच्या तोंडातून दारू ओतावयाची, तीवर तेलकट चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी ठेवून गजाने ती बुडापर्यंत दाबावयाची, आणि मग कानाजवळच्या नळकांडीवर तांब्याची टोपी बसवून घोडा चढवावयाचा, हा तिचा विधी. खेड्यापाड्यांतील शिकाऱ्यापाशी टोपीही नसे. तोडा आणि रंजक यांवर त्याचे भागे, व त्याची नळी आतून गुळगुळीत असे. साहेबाच्या रायफलीच्या नळीत मात्र पेचदार खाचा कोरलेल्या असत, आणि निवडीचा सारा गुंता त्या खाचांपाशी होता.

नवख्याला मोह पडे तो लष्करी एन्फील्डचा. हिच्याच काडतुसांवरून १८५७ ची ठिणगी पडली होती, आणि हिची लांबट गोळी कित्येकशे यार्डांवरील शत्रूला गाठते अशी कीर्ती होती. पण रणांगणावरचे अंतर आणि अरण्यातले अंतर यांत फार तफावत आहे. साग-बांबूंच्या दाटीत जनावर दिसते तेच मुळी शंभर यार्डांच्या आत, आणि तेही क्षणभर. एन्फील्डमध्ये अडीच ड्रॅम दारू पडे. एवढ्या अल्प दारूवर जड गोळी मंद गतीने निघून कमानीसारखी वर चढे व खाली उतरे, त्यामुळे अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी गोळी सांबराच्या पाठीवरून तरी जाई किंवा पायांखालून तरी. फोर्साइथचे म्हणणे असे की, शिकाऱ्याला हवी ती जवळच्या टप्प्यात सरळ धावणारी आणि अंगात शिरताच मोठा आघात करणारी गोळी. ती गोल असावी, मोठी असावी, आणि तिच्यामागे भरपूर दारू असावी.

अडचण एवढीच होती, की जुन्या रायफलींचे पेच घट्ट असत. दारू वाढवली की गोळी त्या पेचांबरोबर फिरेनाशी होई. खाचांवरून घसरून ती वेडीवाकडी बाहेर पडे. फोर्साइथने यावर जो उपाय पुरस्कारिला तो आजही मला मोठा सुबक वाटतो: पेच ढिला करावा, १०४ इंचांत एकच फेरा. म्हणजे २६ इंचांची नळी धरली तर गोळी बाहेर पडेपर्यंत जेमतेम पाव वळण घेते. पण गोल गोळीला स्थैर्य देण्यास तेवढेच पुरते. एका रत्तल शिशाच्या चौदा गोळ्या होतील अशा मापाच्या, म्हणजे चौदा बोअरच्या, रायफलीत या रीतीने पाच ड्रॅम दारू घालता येई. आपल्या मापाने सांगावयाचे तर पावणेतीन तोळ्यांच्या गोळीमागे पाऊण तोळा दारू. गोळीचे वजन जवळजवळ एन्फील्डच्या गोळीइतकेच, आणि दारू मात्र दुप्पट!

नळ्या दोन असाव्यात हे तर ओघानेच आले. जखमी वाघ अंगावर येत असताना दारू ओतून, गज मारून, टोपी शोधण्यास कोणाला सवड असते? पण दुनळीचे स्वतःचे धोके होते, आणि विकत घेताना ते दुकानदार सांगत असतील असे मला वाटत नाही. एका नळीचा बार झाला की धक्क्याने दुसऱ्या नळीतील गोळी जागची सरकून दारूपासून सुटे, आणि मधे पोकळी राहिलेली तशी नळी उडवली तर ती फुटण्याची भीती असे. म्हणून शहाणा शिकारी रिकामी नळी ठासताना भरलेल्या नळीतही गज घालून गोळी पक्की बसवी. मात्र तत्पूर्वी त्या नळीची टोपी काढण्यास तो विसरत नसे, कारण तोंडावर हात धरून भरलेल्या नळीत गज घालावयाचा म्हणजे प्राणाशीच खेळ.

मोठ्या गोळीचा सोस कोठवर जाऊ शकतो याचा दाखला सॅम्युअल बेकर याने आधीच घालून दिला होता. १८४० मध्ये ब्रिस्टलच्या गिब्ज याच्याकडून त्याने करवून घेतलेली आणि सिंहलद्वीपाच्या शिकारीत वापरलेली रायफल एकवीस रत्तल वजनाची होती, आणि तिच्यात एका वेळी सोळा ड्रॅम, म्हणजे सुमारे अडीच तोळे, दारू पडे. हत्तीसाठी ते ठीक. पण सातपुड्याच्या चढणीवर ते ओझे घेऊन दिवसभर गव्याचा माग काढावयाचा म्हणजे शिक्षाच, आणि म्हणून पहिल्या निवडीला फोर्साइथचा मध्यम मार्गच शहाणपणाचा होता असे म्हणावे लागते.

मात्र काळ त्याला अनुकूल नव्हता. १८६६ मध्ये ब्रिटिश लष्कराने जुन्या एन्फील्डच्याच नळ्यांना मागून काडतूस घालण्याची स्नायडरची योजना स्वीकारली, आणि शिकारी बंदुकांचे कारखानेही त्याच वाटेने निघाले. १८७१ मध्ये फोर्साइथ वारला. मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशावरील त्याचा दुसरा आणि अधिक प्रसिद्ध ग्रंथ त्याच वर्षी बाहेर पडला. पुढे सात वर्षांनी हत्यारांचा कायदा आला. त्यान्वये युरोपियनांना मोकळीक राहिली, आणि ज्यांच्या रानात ही सारी शिकार चाले त्या गोंड-कोरकूंना मात्र तोड्याच्या बंदुकीसाठीही परवान्याचा अर्ज घेऊन कचेरीची पायरी चढणे भाग पडले. बंदूक कोणती घ्यावी हा प्रश्न त्यांना पडण्याचे कारणच उरले नाही. ती ठेवता येईल की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि १८८७ च्या मद्रास काँग्रेसने या कायद्याबाबत ठराव केला तरी तो कायदा जागचा हलला नाही.