पेंग्विनांचा अध्यक्ष कोण?

चिलीमध्ये शाळकरी मुलांना गमतीने 'पेंग्विन' म्हणतात. युनिफॉर्मचा गडद निळा कोट आणि आत पांढरा शर्ट, म्हणून! तर या पेंग्विनांनी २००६ साली त्यांच्या सरकारला अक्षरशः घाम फोडला, त्याची ही गोष्ट. शाळकरी पोरांचं आंदोलन म्हटलं की आपल्याला लगेच वाटतं, मागे कोणीतरी मोठा माणूस असणार. इथे मामला जरा वेगळा होता.

आधी थोडी बॅकग्राउंड. जनरल पिनोशेने १९७३ मध्ये लष्करी उठाव करून सत्ता घेतली. ऐंशीच्या दशकात त्याच्या राजवटीने सरकारी शाळा नगरपालिकांच्या गळ्यात टाकल्या. परिणाम उघड आहे. श्रीमंत पालिकेची शाळा चकाचक आणि गरीब पालिकेची गळकी. वर जाता जाता, १० मार्च १९९० ला, म्हणजे सत्ता सोडायच्या बरोब्बर आदल्या दिवशी, त्याने शिक्षणाचा एक कायदा जाहीर केला. 'लोसे' हे त्याचं स्पॅनिश लघुरूप. त्यात बदल करायला साधं बहुमत पुरत नव्हतं, चार सप्तमांश मतं लागत. त्यामुळे लोकशाही आली, सरकारं बदलली, पण कायदा १६ वर्षं जागचा हलला नाही.

२००६ च्या एप्रिलमध्ये लोता नावाच्या जुन्या कोळसाखाणीच्या गावात पावसाचं पाणी शाळेत शिरलं आणि मुलं रस्त्यावर उतरली. तिकडे राजधानी सांतियागोत बसच्या पासवरून आणि युनिव्हर्सिटी प्रवेश परीक्षेच्या फीवरून मोर्चे सुरू झाले. शेकडो मुलं पकडली गेली. पेपरात आणि टीव्हीवर मात्र चर्चा फक्त दगडफेकीची. मग मुलांनी डाव बदलला. रस्ता सोडला आणि शाळाच ताब्यात घेतल्या! १९ मे रोजी दोन नामांकित सरकारी शाळांपासून सुरुवात झाली आणि बघता बघता देशभर शेकडो शाळा मुलांच्या हातात. आत स्वयंपाक, साफसफाई, गेटवर पहारा, सगळ्याच्या पाळ्या लावलेल्या.

आता खरी इंटरेस्टिंग गोष्ट. सांतियागोच्या शाळकरी मुलांची पूर्वी एक फेडरेशन होती. त्यात अध्यक्ष वगैरे असत आणि राजकीय पक्षांच्या युवा शाखांचा हात त्यात असायचा. मुलांनी ही रचना मोडून त्याजागी एक समन्वय सभा उभी केली. प्रत्येक शाळेत मुलांची सभा भरणार, तिथे चर्चा आणि मतदान होणार, प्रतिनिधी तो निर्णय मोठ्या सभेत नेणार. अध्यक्ष नाही, फक्त प्रवक्ते. प्रवक्त्याने ठरलं तेवढंच बोलायचं, स्वतःच्या मनाने तडजोड करायची नाही. या प्रवक्त्यांत डाव्यांपासून उजव्यांपर्यंत सगळे होते.

आमच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर काढून टाकला. एका नेत्याला केबिनमध्ये बोलावून, चहा पाजून आंदोलन गुंडाळायची सोयच उरली नाही. ३० मे च्या देशव्यापी संपात सहा लाखांहून जास्त विद्यार्थी सामील झाले. १ जूनला राष्ट्राध्यक्ष मिशेल बाशेलेट यांना टीव्हीवर येऊन बसपास आणि परीक्षा फीच्या सवलती जाहीर कराव्या लागल्या. जुलैत शिक्षणमंत्री आणि गृहमंत्री दोघेही बदलले गेले.

पण थांबा, इथे हॅपी एंडिंग नाही. मुलांची मूळ मागणी 'लोसे' रद्द करण्याची होती. त्यासाठी सरकारने ८१ जणांची सल्लागार समिती नेमली. त्यात विद्यार्थी मोजकेच. शाळा रिकाम्या झाल्या, सभा विरल्या आणि मामला मोठ्यांच्या हातात गेला. २००९ मध्ये 'लोसे' जाऊन नवा कायदा आला, पण शाळांमधला नफ्याचा धंदा शाबूत राहिला. मुलांना फसवल्यासारखं वाटलं आणि त्यात चूक काहीच नव्हती. जी रचना 'नाही' म्हणायला इतकी भक्कम होती, ती महिनोन् महिने समितीच्या टेबलावर टिकायला कमी पडली. अध्यक्ष नसण्याची ही किंमत.

मग सगळं फुकट गेलं का? मला तसं वाटत नाही. २००६ ला शाळेत असलेली बरीच मुलं २०११ ला युनिव्हर्सिटीत होती. त्या वर्षी चिलीत त्याहून मोठं विद्यार्थी आंदोलन झालं, तेव्हा सभा कशी चालवायची आणि सरकारच्या आश्वासनाची पारख कशी करायची हे त्यांना पाठ होतं. २०१५ मध्ये सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळांतला नफा बंद करणारा कायदा झाला आणि २०१६ पासून गरीब घरच्या मुलांना युनिव्हर्सिटीचं शिक्षण मोफत मिळू लागलं. म्हणजे बसपास दोन महिन्यांत मिळाला, बाकीच्याला दहा वर्षं लागली.

नागरिकशास्त्र आपण मार्कांपुरतं शिकलो. त्या पोरांनी ते गळक्या वर्गात बसून, हात वर करून, मतं मोजून शिकलं. त्यात ती हरलीसुद्धा. पण पुढच्या वेळी काय करायचं नाही, हे हरल्यामुळेच कळलं ना?

असो. तुम्हाला काय वाटतं? अध्यक्ष असायला हवा होता का?